पुस्तकातला आकडा

काडी खोटं बोलते, एवढंच मोजणीबाईला लिहून द्यायचं होतं. दोन पानांत, शुक्रवारपर्यंत, खाली सही करून.

काडी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. केसापेक्षा जराशी जाड अशी लवचिक तार, आणि तिच्या टोकाला मोहरीएवढा प्लास्टिकचा दाणा. किरण पडले की दाणा उजळतो. तो उजेड डोळ्यांना दिसायचा नाही इतका मंद, पण तारेतून पळत पळत जाड भिंतीपलीकडच्या खोलीत येतो आणि तिथल्या डब्यावर आकडा होऊन उमटतो. कॅन्सरच्या पेशंटला मशीनखाली झोपवून किरणांचा डोस देतात. डॉक्टरांनी सांगितला तेवढाच तो पडतो का, हे कुणीतरी मोजावं लागतं. मोजणाऱ्या यंत्रांत ही काडी सगळ्यांत धाकटी, पण जिथे दुसरं काही शिरत नाही तिथे शिरणारी. नाकात, घशात, गालाच्या आत. मोजणीबाईने ती आपल्या हाताने घडवली होती. दाणा घासून घासून गोल केला, तारेला चिकटवला, वरून काळी नळी चढवली. पहिल्या अकरा काड्या वाया गेल्या. ही बारावी.

दवाखान्यात तिला मोजणीबाई म्हणत. हुद्दा फिजिसिस्टचा, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर नीट बसला नाही. मशीन चालवणारी टेक्निशियन, जिच्या बोलण्याला खंड नाही म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत, तिने तर गाणंच रचलं होतं:

मोजणीबाई, मोजणीबाई, पाऊस पडला किती?
थेंब थेंब मोजला हो, एक सुटल्याची भीती.

बाकावर नंबर लावून बसलेले पेशंटसुद्धा ते गुणगुणत. मोजणीबाईला राग येत नसे. एक थेंब सुटू नये म्हणूनच तर आपल्याला ठेवलंय, असं ती म्हणे.

पहिली दीड वर्षं काडीने नाव ठेवायला जागा दिली नाही. पाच महिन्यांपूर्वी मात्र तिचं बिनसलं. बिनसलं ते कुपीशी.

कुपी ही घरातली जुनी, जाणती. कागदोपत्री तिला चेंबर म्हणतात, पण ती दिसते कुपीसारखीच, बोराएवढी, आणि तिच्या पोटात असते नुसती हवा. किरण त्या हवेतून गेले की विजेचे बारीक कण सुटतात, ते मोजायचे. दर दोन वर्षांनी कुपी सरकारी प्रयोगशाळेत जाऊन शिक्का घेऊन येते. मशीनचा डोस वर उचलायचा की खाली उतरवायचा ते कुपीच्या शब्दावर. तर कुपी म्हणाली शंभर, की काडी म्हणायची एकशेचार. आज म्हणाली, पुढच्या महिन्यात म्हणाली, दर महिन्याला म्हणत राहिली. सासू एक सांगते आणि नवी सून दुसरंच सांगते, अशा घरात आधी कुणाला गप्प बसवतात ते सांगायला नको. मोजणीबाईनेही तेच केलं. काडीच्या आकड्याला वहीत एका गुणकाने गुणून तिला गुपचूप शंभरावर आणून बसवलं. पाच महिने तिने आपल्याच लेकीचा कान पिळला, आणि वर स्वतःला बजावलं की शिस्त असावी.

आता संशोधन समितीला अहवाल हवा होता. काडी भरवशाची आहे का, नाही का. नसेल तर काम बंद, तार आणि डबा कपाटात, दोन वर्षं पाण्यात.

सोमवारी तिने दोन वर्षांचे आकडे एका लांब कागदावर मांडले आणि कागद मोठ्या सरांच्या टेबलावर पसरला. मोठे सर विभागाचे प्रमुख. तीस वर्षं त्यांनी या जाड भिंतींच्या आत काढलेली. मोजायला ती शिकली ती त्यांच्याच हाताखाली.

"दाणा म्हातारा झाला," सर म्हणाले.

"म्हातारा झाला तर अंधुक होईल ना सर. हा जास्त उजळतोय."

"काही माणसं म्हातारपणी जास्त बोलतात."

"आणि एका रात्रीत? हे बघा. तीन तारखेपर्यंत सरळ रेघ. नऊ तारखेला पायरी. वर चढली की पुन्हा सरळ रेघ. हळूहळू काहीच नाही, नुसती पायरी."

"माझ्या गुडघ्यात एका रात्रीतच आलं होतं." सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्या आठवड्यात मशीनचा पार्ट बदलला होता, आठवतंय? बदलल्यावर आपण कुपी लावली तर मशीन चार टक्के कमी देत होतं. इंजिनियरने वर उचललं. त्या धावपळीत तुझी काडी कुठेतरी वाकली असेल. तसं लिही आणि मोकळी हो."

"वाकली तर उजेड गळेल, कमी दाखवेल."

"तू वकील व्हायला हवं होतंस."

ती हसली, कागदाची गुंडाळी केली आणि निघाली. पण ती पायरी काही डोळ्यांसमोरून हटेना.

घरी जाताना वाटेत दादाचं दुकान लागे. दादा तिचा थोरला भाऊ, शिंपी. अरुंद दुकान, एक मशीन, एक लांब टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट सदरे. याच दादाच्या घशात गाठ निघाली होती आणि बहिणीच्याच दवाखान्यात त्याचे किरण झाले होते. सात आठवडे, तेहतीस डोस. संपून दोन महिने झाले होते. गाठ विरघळली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आवाज मात्र अजून पुरता परतला नव्हता. मधल्या आठवड्यांत तर तो बोलतच नसे, कापडाच्या तुकड्यावर खडूने लिहून दाखवी, गिऱ्हाइकालासुद्धा.

"ये," दादा कुजबुजला. "बस. त्या स्टुलावर नको, त्यावर सुया आहेत."

वहिनी पायरीशी बसून बटणं लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, "वन्सं, एक विचारू का? परवा शेजारचे आजोबा भेटले. त्यांचेही घशाचेच किरण, दोन वर्षांपूर्वी, तुमच्याकडेच. ते म्हणाले, महिनाभरात जेवायला लागलो. यांना अजून पातळच लागतं. सगळ्यांनाच इतकं होतं का हो?"

"होतं वहिनी. किरणांनी घसा भाजतोच. कुणाला लवकर निवळतं, कुणाला उशिरा."

"म्हणजे जास्तबिस्त काही पडलं नसेल?"

"रोज मोजतो आम्ही. आकड्यांत सगळं बरोबर आहे."

"लहानपणी फ्रॉकचं माप घेताना मी हिला म्हणायचो, हलू नकोस," दादा म्हणाला. "हिने सात आठवडे मला तेच ऐकवलं. सूड घेतला बघ." एवढं बोलून तो खोकला आणि पाण्याच्या तांब्याकडे वळला.

बुधवारी सकाळी सहाला ती काडीचा डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दवाखाना होता आणि तिथे तिची वर्गमैत्रीण फिजिसिस्ट होती. पेशंट यायच्या आधी तासभर मशीन वापरू देईन, असं ती म्हणाली होती. मोजणीबाईचा विचार साधा होता. काडी बिघडली असेल तर तिथेही चार जास्तच दाखवेल. मग निदान खात्रीने लिहिता येईल. मेलेल्याची नाडी एकदा दुसऱ्यानेही बघावी, तसं.

तिने पाच महिन्यांपूर्वीचा, कान पिळण्याआधीचा जुना गुणक डब्यात भरला, काडी पाण्याच्या टाकीत ठरल्या खोलीवर बसवली, शेजारी मैत्रिणीची कुपी. दोघी बाहेर आल्या, जाड दार बंद झालं, मशीन गुणगुणलं.

कुपी: शंभर. काडी: शंभर आणि थोडं वर.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाण्यातली खोली बदलली, किरण पडतात तो चौकोन लहान केला, काडी उलटी बसवली. दर वेळी दोघींचं एकमत.

"काय गं, काय बिघडलंय हिचं?" मैत्रीण म्हणाली. "ही तर गुणाची पोर आहे. उगाच बदनाम केलीस. चहा तुझ्याकडून."

चहा घेताना मोजणीबाईच्या अंगात लहान मुलीसारखा आनंद नाचत होता. काडी खरी. दोन वर्षं खरी. पाच महिने तिला खोटी ठरवली ती आपण. आता समितीला सांगू की घ्या, मोहरीएवढा दाणा, पण शब्दाचा पक्का.

आनंद बसस्टॉपपर्यंत टिकला.

बस यायला वेळ होता. बाकावर बसून तिने बोटांवर हिशेब मांडायला घेतला, लहानपणापासूनची सवय. काडी तिथे खरी, तर आपल्याकडेही खरी. आपल्याकडे ती एकशेचार म्हणते, तर एकशेचारच पडतात. कुपी शंभर म्हणते, तर कुपी चुकते. मशीन उचललं कुपीच्या शब्दावर. म्हणजे मशीन पाच महिने चार टक्के जास्त देतंय. रोज. सगळ्यांना. तेहतीस डोस घेतलेल्या माणसाला पडले चौतीस, वर थोडे आणखी.

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की काडी खोटी निघू दे. देवा, हे पोरगं लबाड निघू दे. तिथल्या पाण्यात काही चूक असू दे, मैत्रिणीची कुपी फुटकी असू दे. ज्या लेकीसाठी इतकं केलं तिच्या खरेपणाचा असा धाक वाटावा, याचं तिला नवलही वाटलं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर तिने कुणाशी न बोलता कपाटातून मोठी वही काढली. दर महिन्याला कुपी लावली की या वहीत एक ओळ लिहायची: तारीख, पाण्याचं तापमान, हवेचा दाब, कुपीचा आकडा, सही. तापमान आणि दाब कशाला, तर कुपीच्या पोटात हवा आहे म्हणून. हवा विरळ असेल तर कण कमी सुटतात, दाट असेल तर जास्त. किती विरळ, किती दाट ते दाबावरून कळतं आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात करायची. काडीच्या पोटात हवा नाही, तिला दाबाशी देणंघेणं नाही.

ती दाबाच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आली. नऊशे बाहत्तर. नऊशे एकोणसत्तर. नऊशे चौऱ्याहत्तर. नऊशे सत्तर. वर्षानुवर्षं असंच, दोन पुढे, दोन मागे. मग पाच महिन्यांपूर्वीची नऊ तारीख, आणि दाब एक हजार बारा. पुढच्या महिन्यात एक हजार दहा. मग एक हजार तेरा.

एका महिन्यात चाळीसने चढला आणि तिथेच राहिला. एवढा दाब हवेत चढला असता तर माणसांच्या कानांना दडे बसले असते. तरी कुणाच्या डोळ्यांत आकडा खुपला नाही. कारण साधं होतं. कुठलंही पुस्तक उघडा, हवेचा दाब म्हणून जो आकडा छापलेला असतो तो एक हजार तेरा. शाळेपासून पाठ केलेला. तो समोर आला की जीव निवांत होतो. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा असतो आणि आपला दवाखाना समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचावर आहे, हे तिला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, परीक्षेत विचारलं असतं तर दोघांनी झोपेतही सांगितलं असतं. चुकीचा आकडा बरोबर दिसत होता आणि इतकी वर्षं लिहिलेला बरोबर आकडा त्याच्यापुढे कमी वाटला असता. एवढंच झालं होतं.

भिंतीवरचा दाब सांगणारा बॅरोमीटर तिने खुर्चीवर चढून काढला. आधीचा काट्यांचा होता, तो पाच महिन्यांपूर्वी पडून फुटला होता. त्याच आठवड्यात, मशीनचा पार्ट बदलायच्या गडबडीत, तीच बाजारात जाऊन हा नवा घेऊन आली होती, आकडे दाखवणारा. दुकानदार भला माणूस. "ताई, असाच नेलात तर हवामान खात्याच्या आकड्याशी जुळणार नाही. लोक परत घेऊन येतात. थांबा, तुमच्या गावाची उंची भरून देतो," असं म्हणून त्याने मागचं बटण दाबून दाबून आकडा जुळवून दिला होता. हवामान खातं सगळ्या गावांचा दाब समुद्राच्या पातळीला आणून सांगतं, तसंच आता हेही यंत्र सांगणार होतं. जुळलं म्हणजे बरोबर, असं वाटून तिने त्याचे आभार मानले होते, आणि खिळा ठोकून तो स्वतःच्या हाताने टांगला होता.

तिने मागचं बटण शोधलं आणि दाबलं. एक हजार अकरा गेलं, नऊशे एकाहत्तर आलं.

मोठे सर आत आले तेव्हा ती खुर्चीवरच उभी होती.

"पडशील," सर म्हणाले. "खाली उतर."

ती उतरली. वही त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी बॅरोमीटर, आणि सगळं सांगितलं. मैत्रिणीकडचे आकडे, दाबाचा रकाना, दुकानदार. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. वहीतल्या पाचही ओळींपुढे त्यांची सही होती. त्यांनी एकेका सहीवर बोट ठेवलं.

"मी टांगला सर."

"आणि मी पाच वेळा वाचला." ते उठले. "चल. आधी मशीन थांबव."

"बाहेर एकतीस जण बसलेत."

"म्हणूनच म्हणतो, आधी थांबव. सही कुणाची ते नंतर बघू."

रेडिओने दार उघडून बाकांवरच्या लोकांना सांगितलं की मशीनची तपासणी निघाली आहे, दुपार होईल. कुणी कुरकुरलं, कुणी डबा उघडला. एक म्हातारबा म्हणाले, "मोजणीबाईंचा थेंब सुटला वाटतं." रेडिओने दार ओढून घेतलं.

मैत्रिणीने आपला बॅरोमीटर रिक्षाने पाठवला. दोन्ही शेजारी ठेवले, तापमान घेतलं, कुपी पाण्यात उतरवली. दाब खरा धरला तर कुपीही म्हणाली एकशेचार. काडी आणि कुपी यांचं पाच महिन्यांनी पटलं. इंजिनियरने मशीन चाराने खाली आणलं, पुन्हा मोजलं, शंभर. त्यात तीन तास गेले.

मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं बसले. डॉक्टरीणबाई कमी बोलत आणि ऐकताना पेन खाली ठेवत.

"पाच टक्क्यांच्या आत आहे," मोठे सर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा. "पुस्तकात पाचांपर्यंत चालतं. मी फक्त सांगतोय. लपवा असं म्हणत नाही."

दोन वर्षांनी सरांची नोकरी संपणार होती आणि तीस वर्षांत त्यांच्या वहीवर कुणी लाल रेघ मारली नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

"सर, ते पाच आहेत ते जे आपल्याला कळत नाही त्याच्यासाठी," मोजणीबाई म्हणाली. "हे तर आता कळलंय."

सरांनी मान हलवली. "बरोबर. मीच शिकवलंय तुला. नको तेव्हा लक्षात ठेवतेस."

"किती जण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकशे बारा. त्यातले एकतीस अजून चालू आहेत."

"चालू आहेत त्यांचे उरलेले डोस आज नव्याने मांडू. बाकीच्यांतल्या पुष्कळांना काही जाणवणारही नाही. पण तोंड, घसा, आतडं, तिथे ज्यांचं झालंय त्यांचा त्रास वाढला असेल किंवा लांबला असेल. प्रत्येकाला सांगायचं, जसं झालं तसं. प्रत्येकाला विचारायचं, काय होतंय. आणि ज्यांना होतंय त्यांना लवकर बोलवायचं." त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "तुमचा भाऊ यात आहे. त्यांना मी फोन करते."

"नको. मी सांगते."

यादी उपचार सुरू झाल्याच्या तारखेने लावली. तिघांत वाटली. दादा एक्केचाळिसावा होता. तो तिच्याच वाट्यात आला.

"आधी घरी सांगून या ना," रेडिओ म्हणाली. "यादी काय पळून जातेय?"

"तोही यादीतच आहे. जिथे आहे तिथे येईल."

बुधवारची दुपार आणि गुरुवारचा दिवस फोनवर गेला. एकाच वाक्यात कसं सांगायचं हे तिला आधी जमेना, मग जमलं. तुम्हाला ठरल्यापेक्षा चार टक्के जास्त डोस मिळाला, चूक आमच्या मोजण्यात झाली, आता दुरुस्त केली आहे, तुम्हाला काय त्रास होतोय ते मला विचारायचं आहे. एका बाईने फोन आपटला. एका मास्तरांनी सगळं गणित समजावून घेतलं आणि म्हणाले, मुलांना शिकवायला चांगलं आहे. एकाचा फोन त्याच्या मुलाने घेतला आणि म्हणाला, बाबा गेले, मागच्या महिन्यात, त्यांचं दुखणं पसरलेलंच होतं, तुमच्यामुळे नाही. तिने विचारलं नव्हतं, तरी त्याने आपणहून सांगितलं. तो फोन ठेवल्यावर तिने यादीत त्या नावापुढे खूण केली. मग पुढचा नंबर लावला.

मधे तासभर काढून तिने अहवालही लिहिला. काडी पहिल्यापासून खरं सांगत होती, असं लिहिलं. बॅरोमीटर कुणी आणला, कुणी टांगला आणि काडीचा आकडा पाच महिने कुणी वहीत खाली ओढला, तेही नावानिशी लिहिलं. दोन पानांची पाच झाली. मोठ्या सरांनी वाचलं आणि खाली आपलीही सही केली. "समिती काडी ठेवेल," ते म्हणाले. "आपल्याला ठेवते का बघू."

एक्केचाळिसावा नंबर गुरुवारी संध्याकाळी आला. तिने फोन केला नाही. फॉर्म पिशवीत घातला आणि दुकानात गेली.

दादा कापड बेतत होता. वहिनी शिलाईच्या मशीनवर. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, यादीतल्या आधीच्या सगळ्यांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत. फक्त शेवटी जोडलं, "तेहतीस पडायचे ठरले होते दादा. पडले चौतीसच्या वर. ते यंत्र मी टांगलं होतं."

वहिनीने पाय थांबवला. मशीन दोन टाके पुढे जाऊन थांबलं.

"मी विचारलं होतं वन्सं."

"हो."

"याच दुकानात बसून विचारलं होतं."

"हो वहिनी. आणि मी न बघता उत्तर दिलं."

"एक फुकट मिळाला म्हणायचा," दादा कुजबुजला.

"तुम्ही गप्प बसा हो." वहिनीचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "गाठ परत येणार नाही ना? की त्यातही काही?"

"गाठीला ते जास्तच पडलंय, कमी नाही. भीती आहे ती घशाची. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. आत नळी घालून बघतील. मला आता काही विचारायचं आहे, सगळ्यांना विचारतो तेच." ती स्टुलावर बसली, सुया बाजूला केल्या, फॉर्म मांडीवर घेतला. "गिळताना किती दुखतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

"तीन," दादा लगेच म्हणाला.

वहिनी उठली. हातातलं कापड तिने टेबलावर टाकलं. "तीन? उशी दातांत धरून झोपणाऱ्याचे तीन? वन्सं, हे दर आठवड्याला तुमच्या डॉक्टरांना तीनच सांगत आले. मी म्हटलं खरं सांगा, तर म्हणतात बहिणीचं मशीन आहे. चार लोकांत तिचं नाव जाईल."

दादाने खडू उचलला, खाली ठेवला, कापडावरची नसलेली घडी सारखी केली.

मोजणीबाई काही लिहीत नव्हती. सात आठवडे फाइलीत लिहिलेले ते सातही तीन तिने पाहिले होते. ते वाचून बरंही वाटलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "माझ्यासाठी कमी करून सांगू नकोस."

"मग किती सांगू?"

"आहे तेवढं."

दादाने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. पेला तोंडाशी नेला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून हळूहळू गिळला, एखाद्या कापडाचा पोत बोटांनी जोखावा तसा. कपाळावर शिरा उमटली आणि गेली.

"सात," तो म्हणाला. वहिनी त्याच्याकडे बघत होती. तो थोडा थांबला. "साडेसात."

फॉर्मवर अर्ध्याला घर नव्हतं. तिने सात आणि आठच्या मधे एक सरळ रेघ ओढली, शेजारी तारीख घातली.

"आता रात्रीचं सांग," ती म्हणाली.